बासोड्याच्या दिवशीचा मऊ भात

"काकू, आत येत नाही, एकच विचारायचंय."

हे म्हणताना तिचा एक पाय चपलेत असायचा आणि दुसरा आमच्या पायपुसण्यावर. आत येत नाही म्हणायची आणि चांगला अर्धा तास हलायची नाही. आणि ते 'एकच' कधी एक असेल तर शपथ! जुईला स्वेटर घालू की नको, इथून सुरुवात व्हायची. मग सकाळी तिच्यावर ओरडले ते जास्त झालं का, ओरडल्यावर लगेच जवळ घेतलं ते चुकलं का, आणि शेवटी ठरलेलं, "काकू, खरं सांगा, मला मुलगी सांभाळता येत नाहीये का?"

"येते की," मी म्हणायचे. "सहा वर्षं कोण सांभाळतंय मग, शेजारीपाजारी?"

तेवढ्यापुरती हसायची. जिना चढेपर्यंतही ते हसू पुरायचं नाही. वरच्या पायरीवरून आवाज यायचाच, "पण काकू..."

तुम्हीही पाहिली असेल अशी एखादी आई. मुलाच्या कपाळाला हात लावते, मग दुसऱ्याला लावून बघायला सांगते, मग थर्मामीटर लावते आणि त्याच्यावरही विश्वास ठेवत नाही. आमची ही त्यातलीच. बाकी हुशार, कामाला वाघ, दिसायला गोड. पण लेकीचा विषय निघाला की पायाखालची जमीन सरकल्यासारखी उभी असायची, सारखी या पायावरून त्या पायावर.

जयपूरच्या सोडाल्यातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते तिघं भाड्यानं राहायचे. तिघं आपलं म्हणायचं. नवरा बिकानेरकडे सोलर प्रकल्पावर. रविवारी यायचा, झोपायचा, जायचा. ही कॉम्प्युटरवाली, अर्धं ऑफिस घरातूनच. आमचे हे रेल्वेतून इथंच निवृत्त झाले आणि भुसावळला परत जायचं जायचं म्हणत आम्ही जयपूरचेच होऊन गेलो. त्यामुळे घरात मराठी बिऱ्हाड येतंय म्हटल्यावर मला कोण आनंद! वाटलं, संध्याकाळी चार गप्पा होतील. गप्पा कसल्या, रोज प्रश्नपत्रिका.

तिच्या सासूबाई नाशिकला. निवृत्त मुख्याध्यापिका. फोनवरचा त्यांचा आवाज वरून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. बाई वाईट नव्हत्या, अजिबात नाही. पण 'बहुतेक' हा शब्द त्यांना ठाऊकच नव्हता. "बदाम भिजवून देतेस ना? साल काढून? उपाशीपोटी?" प्रत्येक फोननंतर ही आणखी थोडी आक्रसून खाली यायची. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास सासूबाईंनी सरळच विषय काढला. "तू नोकरीत, तो वाळवंटात. तुझ्याच्यानं होत नाही, यात लाजायचं काय? जुईला पहिलीला इकडच्या शाळेत घालू. मी आहे ना."

मला हे सांगताना तिचा आवाज फुटला. "काकू, त्यांचं बरोबर असेल तर?"

मला राग आला. सासूबाईंचा नाही, हिचाच. अगं, लेक तुझी, ती कुठं राहणार ते मला काय विचारतेस! पण ती विचारत राहिली. मला, ऑफिसातल्या मैत्रिणीला, मुलांच्या डॉक्टरांना, मोबाईलला. जुईनं काय खावं यावर चार मतं गोळा होईपर्यंत जुई समोरच्या भाभीजींकडे जाऊन गरम फुलका खाऊन आलेली असायची. "भाभीजीने दिया. मतलब, मी मागितला नाही हं," असं वर. त्या पोरीची मराठी आणि हिंदी एकाच ताटात वाढलेली असायची.

मग तिनं तो वर्ग लावला. आयांसाठी, ऑनलाइन, माइंडफुलनेसचा. सजगता की काय म्हणतात ते. मोबाईलमध्ये दर तासाला देवळातल्यासारखी घंटा वाजायची. ती वाजली की असाल तिथं थांबायचं, श्वासाकडे बघायचं, मनात काय चाललंय ते न्याहाळायचं आणि त्याला बरंवाईट म्हणायचं नाही. ही थांबायची हो! हातात झारा धरून थांबायची, जिन्यात थांबायची. एकदा तर गच्चीवर कपडे वाळत घालताना. ओल्या चादरीचं टोक हातात, डोळे मिटलेले, पायावर पाणी ठिबकतंय.

"काय करतेस गं?"

"काकू, मी या क्षणात आहे."

"बाई गं, खाली तुझं दूध उतू जातंय. आधी त्या क्षणात जा."

जुईनं तर त्याचा खेळच करून टाकला. घंटा वाजली की तीही पुतळा व्हायची, एक डोळा किलकिला ठेवून आईकडे बघत. "चुप! आई की घंटी बजी," म्हणून मैत्रिणींनाही दटावायची. आणि आई डोळे उघडल्यावर पहिलं काय विचारायची? "काकू, मी हे नीट करतेय ना?" घ्या! शांत बसण्याचीसुद्धा तिला धास्ती.

होळी झाली आणि बासोडा आला. इकडे होळीनंतरच्या अष्टमीला शीतलामातेचा हा सण असतो. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, गोड पुए, ताकातली राबडी, कांजीवडे, आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. गारच खायचं. माता पोराबाळांना गोवर-कांजिण्यांपासून सांभाळते, म्हणजे सण मुळात आयांचाच. इतक्या वर्षांत मीही पाळायला लागले आहे. देश तसा वेश. भाभीजींनी आदल्या संध्याकाळी वरही भरलेलं ताट पाठवलं होतं. मला वाटलं, त्यांनी चुलीचं सांगितलं असेल. त्यांना वाटलं, मी सांगितलं असेल.

त्या दिवशी आमच्या गल्लीत ना फोडणीचा वास, ना कढईत झारा फिरल्याचा आवाज. बायका नटूनथटून, मातेची पूजा करून ओट्यावर बसलेल्या. आणि अशात वरच्या मजल्यावरून कुकरची शिट्टी झाली. चांगली लांबलचक, खणखणीत. सगळ्या माना वर! दुसरी शिट्टी झाली तेव्हा भाभीजींनी कानांना हात लावले.

ओट्यावरच्या बायकांमधून सुटायला पाव तास गेला, मग मी गुडघे विसरून जिना चढले. बघते तर जुई पाय हलवत मऊ भात खातेय. वर तूप, वर मेतकूट. आणि आई समोर उभी, घामाघूम, चेहरा असा उजळलेला की मी तिला तशी कधी पाहिलीच नव्हती.

"काकू, सकाळपासून हिचं पोट दुखत होतं. ते गार खाणं हिच्या घशाखाली उतरेना. म्हटलं, आपल्याकडे पोट बिघडलं की मऊ भात देतात, लावला कुकर." मग हळूच म्हणाली, "आज मी कुणालाच विचारलं नाही."

तोंडाशी आलेलं गिळलं. "छान केलंस," म्हटलं आणि खाली आले. भाभीजींनाही डोळ्यांनीच गप्प केलं.

पण देवाला कधी कधी नको तेव्हा चेष्टा सुचते. आठवडा गेला नाही तोच जुईच्या पाठीवर फोड उठले. कांजिण्या. भाभीजी कडुनिंबाची डहाळी घेऊन वर गेल्या. मायेनंच गेल्या, पण त्यांच्या पोटात राहीना. "बहूजी, बासोडे के दिन चूल्हा नहीं जलाते. माता नाराज हो जाती हैं."

तिनं तेच मनाशी धरलं. डॉक्टरांनी समजावलं की लागण त्याच्या कितीतरी आधी झालेली असते, जुईच्या वर्गातली निम्मी मुलं घरी आहेत. मी म्हटलं, अगं, मातेला दुसरी कामं नाहीत का? सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "काकू, एकदा, फक्त एकदा मी माझ्या मनानं केलं," एवढंच ती म्हणत राहिली. आणि त्याच दुपारी तिनं आपणहून नाशिकला फोन लावला. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, खपल्या पडल्या की तिला घेऊन जा. सासूबाईंनी येतानाचं एक आणि जातानाची दोन तिकिटं काढलीसुद्धा.

माझी नुसती तगमग व्हायला लागली. खाली भाजी निवडत बसले तरी कान वर. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणे, "काकू, त्या दोघी ठरवतील ते." कपाळ माझं! वाळवंटात राहून माणूस असा होतो की आधीच असा असतो, कोण जाणे.

एका दुपारी मी ताक घेऊन वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. जुई खाजेनं रडकुंडीला आली होती.

"आई, खुजाऊं? थोडंसंच?"

"थांब हं राजा, विचारते," आई म्हणाली आणि तिचा हात मोबाईलकडे गेला. पोरीनं तो हात गच्च धरला.

"किसीको मत विचार ना. तू सांग."

ती थांबली. मोबाईल तिथेच राहिला. तिनं जुईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, "नाही खाजवायचं. खूप खाजतंय ना? कुठं जास्त?"

"पाठीला."

"आणि आता?"

"अजून पाठीलाच."

"आता?"

पोरगी रडता रडता विचार करायला लागली. "आता... पोटावर आली."

अशी ती खाज दोघी मिळून अंगभर शोधत बसल्या. दंडावर, कानामागे, पायाच्या बोटात. आईचे डोळे लेकीवरून हलले नाहीत. मधे ती घंटा वाजली, दोघींना पत्ता नाही. जरा वेळानं पोरगी तिच्या मांडीवर झोपून गेली आणि ही तिचे हात धरून तशीच बसून राहिली. मी ताकाचा तांब्या दाराशी ठेवला आणि पाऊल न वाजवता खाली आले. त्या वर्गाला मी इतकी नावं ठेवली होती. पण तिथं हे शिकवत असतील तर वर्ग बरा म्हणायचा.

खपल्या गळायला लागल्या आणि सासूबाई आल्या. ताठ, स्वच्छ, सुती साडी, हातात बदामांची पिशवी. माझ्याशी फार अदबीनं बोलल्या. दोन दिवसांत जुईची बॅग भरून दाराशी उभी राहिली. निघायच्या दिवशी मी दशम्यांचा डबा घेऊन वर गेले, तर ही लेकीची वेणी घालत होती. वेणी घालता घालताच म्हणाली, "आई, जुई येणार नाही."

सासूबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अगं, तूच तर फोन केलास."

"केला होता. घाबरले होते. अजूनही घाबरते. पण ती इथंच राहील."

"आणि पुन्हा काही झालं तर?"

"होईल ना, आई. लहान आहे, आजारी पडेल. मी असेन."

आवाज कापत होता हो! वेणीचा एक पेड सुटला. पण बोललेलं तिनं मागे घेतलं नाही. आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

आता व्याख्यान होणार, असं धरून मी डबा घट्ट पकडला. पण सासूबाई खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी पहिली नोकरी आडगावात होती. सगळे म्हणाले, नोकरी आणि मूल तुझ्याच्यानं व्हायचं नाही. मलाही ते पटलं. मुलगा मी माझ्या सासूबाईंकडे ठेवला. चौथीत परत आणला, तर तो मला बाई म्हणायचा. शाळेतली पोरं म्हणतात तसं, बाई."

चष्मा डोळ्यांवर चढवून त्या पुढे म्हणाल्या, "वाटलं होतं, या खेपेला तरी घरात मूल वाढताना बघायला मिळेल."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. ही उठली आणि सासूच्या पायाशी जमिनीवर बसली. नाही म्हटलेलं हो केलं नाही, नुसती बसली. जुई अर्धी वेणी घेऊन आजीच्या मांडीवर चढली. "आजी, तूच रुक जा ना इकडे." आजी काही दिवस राहिल्या. नातीला परवचा शिकवला, भाभीजींशी लोणच्यावरून वाद घातला आणि मग एकट्याच नाशिकला गेल्या. त्यानंतर दर सुट्टीत यायला लागल्या.

दोन वर्षांनी नवऱ्याला हैदराबादला काम मिळालं आणि बिऱ्हाड हललं. वरचा मजला आता एका बँकवाल्यानं घेतलाय. सकाळी जातो, रात्री येतो, जिन्यावर पाय वाजत नाहीत. चांगलं आहे. मला घर खायला उठतं, ती गोष्ट वेगळी.

परवा मीच फोन केला. ती हॅलो म्हणाली आणि मागून जुईचा खोकला ऐकू आला. घोगरा, छातीतून येणारा. माझा जीव वरखाली. "ताप आहे का गं? कधीपासून? डॉक्टरला दाखवलंस? ओवा तव्यावर गरम कर आणि पुरचुंडी बांधून..."

"काकू," ती मधेच म्हणाली, अगदी गोड आवाजात. "दाखवलंय. आत्ता तिच्याजवळ बसलेय. नंतर बोलते हं."

आणि ठेवला की फोन!

तेव्हापासून तिचा फोन नाही. मी आपली या खोलीतून त्या खोलीत. भाभीजी गेटावरून विचारून गेल्या, "कैसी है बिटिया?" काय सांगू, मला तरी कुठं माहीत आहे! हे म्हणतात, अगं, तूच कर आणि मोकळी हो. दोनदा हातात घेतला फोन आणि दोनदा ठेवला. नाही करणार. जीव तुटतोय, पण नाही करणार. बसू दे तिला लेकीजवळ.