शालबातचा कोट

"आक्का, कोट काढून दे त्याचा. पाद्री दुपारच्या गाडीनं निघालाय. परत येस्तोवर ईस्टर उजाडंल."

"आन् पुरणार काय? नुसती पाटलोण?" गाशूशानं घेवड्याच्या आमटीतला डाव एरामूनच्या नाकासमोर धरला. "माझा भाऊ बरफात हाय, आन् तुमी त्याची कापडं पेटीत घालून मंतर म्हणणार व्हय?"

"घावला असता तर त्यालाच पुरला असता की," एरामून बोलून गेला आणि जीभ चावली.

एरामून खेचरांवरून मेंढक्यांना शिधा पोचवायचा. वादळ सरल्यावर गाशूशाच्या भावाची, शालबातची मेंढरं त्यालाच दरीत घावली. काळी कुत्री बेल्त्सा त्यांना एकटीच राखत बसली होती. शालबातचा पत्ता नव्हता. गड्यांनी आठवडाभर बरफ उपसलं आणि शेवटी फावडी खांद्यावर टाकून खाली आले.

अमेरिकेत, नेवाडातल्या त्या गावात गाशूशाची खानावळ स्टेशनासमोरच. मेंढरं राखायला युरोपातल्या बास्क मुलखातनं आलेला पोरगा गाडीतनं उतरला की आधी तिच्या दारात. पहिल्या पगारात तो कोट-पाटलोण घ्यायचा आणि डोंगरात जाताना तिच्या हवाली करायचा. माळ्यावर पिठाच्या पोत्यांत घालून टांगलेले कोट, सगळीकडं डांबरगोळ्यांचा वास. देवळात जायला तोच, लग्नाला तोच, माघारी गावाला जायला तोच. आणि मेल्यावरही तोच.

शालबातनं आपला कोट एकदाही अंगात घातला नव्हता. "आपल्या गावी, आल्दुदेत उतरताना घालीन," म्हणायचा. मागल्या पानगळीत तो खरंच निघाला होता. गाशूशानंच त्याला अडवला. "एवढा एक हिवाळा काढ रं. मोकळ्या हातानं जाऊन आईला काय दावशील?" आणि तो गुमान डोंगरात गेला.

तिनं डाव टाकला आणि माळ्यावर गेली. आली ऐकण्यावर, असं एरामूनला वाटलं. पण ती खाली आली ती कोट-पाटलोण अंगावर चढवूनच. बाह्या बोटांवरून लोंबत होत्या.

टेबलावर पत्ते कुटणारा म्हातारा गानिश म्हणाला, "आयव! नवरदेव आला." कुणी हसलं नाही. त्यानंही मान खाली घातली.

"खेचर कुठलं घिऊ?"

"आक्का, डोकं फिरलं काय? वर छातीइतकं बरफ हाय."

"मग छातीपातूर जाईन."

"आन् हितल्या माणसांना जेवू कोण घालंल?"

"तुमचं तुमी गिळा."

पुढं बेल्त्सा, मागं खेचरावर गाशूशा, आणि शिव्या देत पायी एरामून. वाऱ्यानं हात बधिर झाले तसे तिनं ते खिशात घालायला नेले. खिसे शिवलेलेच होते. दुकानातला पांढरा धागा तसाच. बोटं नुसतीच कापडावरून घसरली.

खिंडीच्या तोंडाशी वाट संपली. झाडांचे नुसते शेंडे वर दिसत होते. ती उतरली आणि मांडीपर्यंत रुतत पुढं गेली.

"शालबाऽऽत!"

खिंडीनं साधी हाकही परत दिली नाही. बेल्त्सा खाली बसली. ना हुंगली, ना भुंकली.

"हुडीक! हुडीक, रांडं!" गाशूशानं तिला लाथ घातली. कुत्रीनं लाथ खाल्ली आणि सरकून तिच्याच पायाला टेकली. मग गाशूशा मटकन बरफात बसली. एरामूननं तिला काखेत हात घालून उठवली, खेचरावर चढवली आणि लगाम आपल्या हातात घेतला.

खानावळीच्या अंगणात रिकामी पेटी उघडी पडली होती. पाद्री घड्याळ बघत दारात उभा होता.

"बाई, कोट देता ना?"

"अंगावर हाय. वल्ला हाय." पाटलोणीतनं पाणी ठिबकत होतं. "असा देणार न्हाई मी. बरफ इतळल्यावर त्याला हुडकीन. तवा लागंल त्यो."

पाद्रीनं एरामूनकडं पाहिलं. एरामून म्हणाला, "जावा तुमी, फादर. गाडी चुकंल."

शिट्टी झाली, गाडी गेली. घरात करपल्याचा वास भरला होता. चुलीवरच्या आमटीकडं कुणीच बघितलं नव्हतं.

"बसलाय नुसती कुल्ली शेकत!" गाशूशा आत शिरता शिरता ओरडली. "एकाला बी डाव फिरवता आला न्हाई?"

ओल्या कोटावरच तिनं एप्रन बांधला, लोंबत्या बाह्या दुमडल्या आणि करपलेला थर तसाच बुडाशी ठेवून वरची आमटी वाढायला घेतली.