अस्वलाच्या नाकातली दोरी

सदाशिव गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी ठाण्याच्या घरी ओसरीवर दाढी करवून घेत होतो. कोपरा फाडलेलं कार्ड... वाचायचं आणि दारातच फाडून टाकायचं. न्हाव्याने वस्तरा वर धरला आणि मी अर्ध्या दाढीनिशी ओरडलो, "हा माणूस तारीख न मागता गेलाच कसा?" तीस वर्षं कल्याणच्या कचेरीत वकिली केली. तारखांवर तारखा मागून निदान आठ मामलेदार पेन्शनीला लावले, आणि यमदूतापुढे एक साधा अर्ज नाही! न्हावी भीतभीत म्हणाला, "तुम्हाला सुतक लागतं का, रावसाहेब?" म्हटलं, "सुतक नाही रे बाबा, संताप लागतो. तू वस्तरा चालव."

संतापाला कारण आहे. मी त्याच कचेरीत मुद्देमालाचा कारकून होतो. चोरीचे तांबे, मारामारीतल्या काठ्या, सगळं माझ्या खोलीत यायचं. प्रत्येकाला लाखेची मोहोर, कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर माझं अक्षर. तिथे एके दिवशी सदाशिवने माझ्या ताब्यात अस्वल दिलं. झालं असं की, बंदरावर करीम दरवेशी अस्वल नाचवत होता. दोरी नाकातून ओवलेली, भोक चिघळलेलं, त्यावर माश्या. मुक्या जनावरांच्या छळाचा कायदा तेव्हा नवाकोरा होता आणि अख्ख्या तालुक्यात तो वाचलेला इसम एकच, सदाशिव. त्याने तिथल्या तिथे फिर्याद ठोकली. कायद्यात छळणाऱ्याला शिक्षा होती. छळलेल्याला ठेवायचं कुठे, हे लिहायला वरचे साहेब विसरले होते. मामलेदारांनी दोरी काढायला लावली आणि सगळं जमा करायचा हुकूम दिला. मी लिहून घेतलं : अस्वल, नग एक. काठी, नग एक. नाकातली दोरी, नग एक.

अस्वलाला कचेरीमागच्या चिंचेला बांधलं. चिठ्ठी तीनदा चिकटवली, तीनदा त्याने खाल्ली. त्यापलीकडे अन्नाला शिवेना. मी भाकरी पुढे केली तर असं शिंकलं की टिटवाळ्याचे बैल बुजले म्हणतात. चौथ्या दिवशी ते मान टाकून पडलं. मी सदाशिवचा पंचा धरला, "अरे, तुझ्या भूतदयेने मरतंय ते! मेलेला मुद्देमाल कोर्टापुढे ओढत नेऊ का?" तो पडेल चेहऱ्याने म्हणाला, "करीमला बोलाव." करीम आला, शेजारी बसला, काहीतरी पुटपुटला, आणि त्याच्या हातची भाकरी त्या जनावराने बोटांसकट खाल्ली असती.

मग फिर्यादीनेच हमी लिहून दिली आणि अस्वल स्वतःच्या परसात नेलं. अस्वल करीमशिवाय जेवेना, म्हणून आरोपीही परसात. रमावहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मित्राला सांगा, आता मलाही कुणाच्या तरी हमीवर सोडा म्हणावं."

रोज सकाळी करीम अस्वलाचं डोकं मांडीवर धरी आणि सदाशिव त्या नाकाला हळद नि करंजेल लावी. मी कपाळ बडवून घेतलं. "अरे, जखम हाच तुझा पुरावा! ती भरली की खटला गेला, अस्वल परत करीमचं, आणि दोरी परत नाकात!"

"मग काय करू, गोविंदा? तारखेपर्यंत सडू देऊ?"

मी चिडून निघून आलो.

पाच महिन्यांनी मामलेदार चष्मा लावून अस्वलाच्या तोंडाशी वाकले. अस्वलाने त्यांचा चष्मा चाटला. "जखम कुठे आहे?" ते म्हणाले, आणि खटला संपला. हुकूम झाला, मुद्देमाल परत करा. अस्वल दिलं, काठी दिली... दोरी सापडेना. खोली झाडली, कौलं उतरवायचीच बाकी ठेवली. करीम पायरीवर बसून रडू लागला. "बाप की डोरी थी, साहेब. दूसरी डालो तो जानवर नहीं बचता, हमारे में ऐसा मानते." शेवटी गळ्यात चामड्याचा पट्टा बांधून तो अस्वल घेऊन गेला. मी खुलासा लिहिला : दोरी उंदरांनी खाल्ली. मामलेदार गरजले, "केवढाले उंदीर आहेत तुमच्याकडे?" मी कोपरापर्यंत हात दाखवला. माझ्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा बसला तो पेन्शनीपर्यंत पुसला गेला नाही. आणि त्यानंतर सात वर्षं, भेटेल तिथे, चारचौघांत, सदाशिव विचारायचा, "काय गोविंदा, उंदीर बरे आहेत ना?"

दर दिवाळीला करीम कल्याणला येतो. अस्वलाच्या गळ्यात तोच पट्टा. सदाशिवच्या दाराशी ते आपणहून बसकण मारतं आणि हळद लावायला नाक पुढे करतं.

तेराव्यानंतर वहिनींनी कागद आवरायला मला त्याच्या बैठकीच्या खोलीत नेलं. खुंटीवर त्याचं पागोटं होतं. मी ते उचललं... खाली दोरी. माझी मोहोर, माझी चिठ्ठी, माझं अक्षर : नाकातली दोरी, नग एक. पाच महिने करीम त्याच्या परसात राहिला होता. बापाच्या दोरीची गोष्ट सदाशिवला ठाऊक नसेल कशी? जन्मात दुसऱ्याच्या दौतीत टाक न बुडवलेला माणूस, त्याने सरकारी खोलीतून चोरी केली, सात वर्षं रोज तिच्यावर पागोटं अडकवलं, आणि मला उंदरांची खुशाली विचारली! त्याला बोलावून चार शिव्या घालाव्यात, तर तोही सोयीस्करपणे मेलेला.

"कचेरीत परत द्यायची का, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"उंदरांनी खाल्लेली वस्तू परत कशी जमा करणार, वहिनी?"

पागोटं जिथल्या तिथे ठेवलं. चिठ्ठीचं टोक बाहेर डोकावत होतं, तेही आत सारलं. करीमला वाचता येत नाही म्हणून हे सगळं छापायला देतोय. ज्यांना येतं त्यांनी तोंड बंद ठेवावं. दिवाळी जवळ आली आहे.