नानाचा पाट घेऊन जोह्याला

पेणच्या स्टँडवर उतरले आणि पाय जमिनीला टेकल्यावर थोडा वेळ तशीच उभी राहिले. पुण्याहून निघालेली एसटी घाट उतरेपर्यंत बरी चालली होती. खोपोलीनंतर खड्डे सुरू झाले ते पेण येईपर्यंत. मीरा आणि नील, तुमच्याकडच्या रस्त्यांवर गाडीत बसून कॉफी पिता येते असं तुमची आई सांगते. इथे मी पिशवीतली पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नाही.

मी रोह्याला नानाआजोबांकडे चालले होते. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ, तुमच्या आईचा मामा. त्याचं हृदय आता फार थोडं काम करतं. आणखी काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "शाले, येऊन जा. तुला एक विचारायचंय. फोनवर नाय विचारायचं."

काय विचारायचं असेल, याचा मला अंदाज होता. मीरा, तूही मागे विचारलं होतंस, की नानाआजोबांकडे गणपती बसतो आणि आजी चर्चमध्ये जाते, हे कसं. तेव्हा मी सविस्तर लिहीन म्हटलं होतं. ते हे.

गाडीत मी उत्तर जुळवत होते. आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यामुळे कुठलीही गोष्ट मुद्द्यांत मांडायची मला सवय आहे. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, मग समारोप. पेणला चहा घेताना मी समारोपापर्यंत आले होते. चहावाला कप पुसत म्हणाला, "मावशी, गणपती ठरवायला आल्या?" या दिवसांत पेणला उतरणारा प्रत्येक जण त्यासाठीच येतो असं इथली माणसं धरून चालतात. मी म्हटलं, "नाही, रोह्याला चाललेय." तो म्हणाला, "मग चहा सावकाश घ्या. रोह्याची गाडी काय वेळेवर येत नाय." तेवढं त्याचं खरं निघालं.

पेणच्या पुढे महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. नागोठणं मागे टाकून गाडी रोह्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा पावसाने उघडीप दिली. दोन्हीकडे नुकती लावणी झालेली भातं होती आणि पाण्यात आभाळ दिसत होतं. खिडकीतून कोणालाही आवडावं असं ते दृश्य होतं. मी मात्र डोळे मिटून बसले. रोहा जवळ आल्याचं मला धाटावच्या कारखान्यांच्या वासावरून कळलं. नानाने उभी नोकरी त्याच वासात काढली. शिफ्टवरून आला की कपडे वेगळे वाळत घालायचा.

आता तो रोह्यालगतच्या वरशाला राहतो, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला. खारेपाटातली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली) सुलभा सकाळी येऊन स्वयंपाक करते. तिनेच दार उघडलं.

"या ताई. सकाळपासून दाराकडं डोळं लावून बसलेत. जेवले पण नाय."

नाना आरामखुर्चीत होता. उंच माणूस, पूर्वी खुर्चीत मावायचा नाही, तो आता मावत होता. मला पाहून म्हणाला, "केवढी म्हातारी झालीस गो." मी म्हटलं, "तू काय आरशात बघत नाहीस वाटतं." मग आम्ही जेवलो. वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या कडव्या वालांची उसळ), तांदळाची भाकरी. नानाच्या वाटीतल्या बिरड्यात मीठ नव्हतं. त्याने एक घास खाल्ला आणि माझ्या वाटीकडे बघत राहिला.

"मी असं काय पाप केलंय, ते विचार तुझ्या देवाला."

दुपारी सुलभा गेली. समोर नव्या इमारतीचा स्लॅब पडत होता, त्याचा आवाज येत होता. नानाने मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"शाले, तू ख्रिस्ती का झालीस, ते एकदा नीट सांग. इतकी वर्षं मी विचारलं नाय. भांडण होईल म्हणून नाय विचारलं. आता भांडायला दम नाय, म्हणून विचारतो."

मी पहिल्या मुद्द्याला सुरुवात केली. त्याने हात वर केला. "हे शाळेतल्या पोरांना सांग. मला काय झालं ते सांग."

म्हणून मी काय झालं ते सांगितलं. तुमच्या आईच्या आधी मला एक मुलगा झाला होता, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तो फार थोडे दिवस राहिला. त्यानंतर घरी येणारा प्रत्येक जण कारण घेऊन येई. कोणी मागचा जन्म सांगे, कोणी नक्षत्र, कोणी डॉक्टरची चूक. माणसं प्रेमानेच सांगत होती, पण मी कारणं ऐकून दमून गेले. मी मिशनच्या शाळेत शिकवत होते आणि तिथे रोज सकाळी प्रार्थना होत असे. शिक्षिका म्हणून मी मागच्या बाकावर बसत असे, बहुतेक वेळा वह्या तपासत. एका सकाळी तिथे कोणीतरी येशूची एक गोष्ट वाचून दाखवली. त्याचा मित्र मेला होता. आपण त्याला उठवणार आहोत, हे येशूला ठाऊक होतं. तरी कबरीजवळ जाऊन तो आधी रडला. कोणाला कारण सांगितलं नाही. माझा हात वहीवर तसाच राहिला. वाटलं, याच्याशेजारी मला बसता येईल. मग मी बसत राहिले. तुमची आई शाळेत जायला लागली त्या सुमारास मी बाप्तिस्मा घेतला. तुमच्या आजोबांनी घेतला नाही, पण दर रविवारी ते मला स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडत आणि बाहेर पेपर वाचत थांबत.

"एवढंच?" नाना म्हणाला.

"एवढंच."

"मला वाटलं, तुला कायतरी मोठं दिसलं असेल. उजेड-बिजेड."

"नाही रे."

त्याने त्या स्लॅबकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. आता मी चाललो. मी काय तुझ्यासारखी पाण्यात बुडी मारलेली नाय. म्हणजे तुझ्या हिशोबानं तू तिकडं आणि मी इकडं. मग आपली गाठ नाय परत?"

यासाठी बोलावलं होतं मला. बाकीचं सगळं या प्रश्नापर्यंत येण्यासाठी होतं. आमच्या चर्चमध्ये काही जणांकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. मला ते कधीच देता आलं नाही आणि नाना समोर बसलेला असताना तर नाहीच.

"मला ठाऊक नाही, नाना."

"खोटं तरी बोलायचंस."

"तुला कळलं असतं."

"व्हय. कळलं असतं," असं म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची औषधं आणायला मी नदीपलीकडच्या अष्टमी गावात गेले. पुलावर मध्येच थांबले. खाली कुंडलिका गढूळ होऊन भरून वाहत होती. पुलावरून जाणारी माणसं आपापल्या कामाला जात होती आणि मला कुठेतरी बसावंसं वाटत होतं. इतक्या वर्षांच्या प्रार्थनांनंतर भावाने विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नव्हतं. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द आले नाहीत. छत्री मिटून औषधं घेतली आणि परत आले. छत्री दुकानातच राहिली.

निघायच्या दिवशी नानाने कपाटामागे बोट दाखवलं. "तो पाट काढ. जोह्याला द्यायचाय."

तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे घरचा पाट मूर्ती करणाऱ्याकडे आधी पोचवायचा असतो. त्या पाटावर बसवूनच गणपती घरी येतो. पेणजवळ जोहे म्हणून गाव आहे, तिथल्या एकाच कारखान्यात आमच्या वडिलांपासून पाट जातो. तो घरच्याच माणसाने न्यायचा, अशी पद्धत आहे.

"यंदा पोराला रजा नाय," नाना म्हणाला. "घरचं दुसरं कोण उरलंय? तुझ्या देवाला चालतं का बघ."

मी थोडा विचार केला. "पाट नेईन. तिथे पाया पडणार नाही."

"पड म्हणून सांगितलंय कोणी? तुझे गुडघे तरी वाकतात का?"

तो आंघोळीला गेला तेव्हा मी पाट बाहेर काढला. वर्षभराची धूळ होती, तळाला लाल डागही पडले होते. दुसऱ्याकडे द्यायची वस्तू अशी कशी द्यायची? मी साबणाचं पाणी केलं, काथ्या घेतला आणि पाट लख्ख घासून काढला.

निघताना नाना दारापर्यंत आला. परवाचा प्रश्न त्याने परत काढला नाही. मीही नाही.

एसटीत मी पाट पायाशी ठेवला, तर कंडक्टर थांबला. "मावशी, गणपतीचा पाट ना? खाली नका ठेवू." त्याने एका तरुणाला उठवून मला पुढची जागा दिली. शेजारच्या बाईने पाटाला हात लावून तो कपाळाला नेला आणि मला म्हणाली, "पुण्यवान हाव तुम्ही." मी म्हटलं, "मी फक्त पोचवतेय." तिला तो विनय वाटला. पुढे समजावून सांगायची ताकद माझ्यात नव्हती. पेणपर्यंत पाट मांडीवर धरून मांड्या भरून आल्या.

पेणहून रिक्षाने जोह्याला गेले. तिथे घराघरांतून पांढरे, अजून न रंगवलेले गणपती ओळीने उभे होते आणि हवेत रंगाचा वास होता. आमच्या कारखान्यातले म्हातारे मूर्तिकार गेल्या वर्षी वारले. आता त्यांची सून दर्शना काम बघते. तिने पाट हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

"मावशी, याच्या खुणा कुठं हायत?"

"कसल्या खुणा?"

"तळाला गेरूच्या. सासरे घालायचे. कोणाचा गणपती केवढा, सोंड कुठं, शेला कसला, सगळं त्यावरून कळतं."

मी सांगितलं. तिने आधी पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "धुतलात? अवो, पाट धुवून कोण आणतं? सासरे होते तवर त्यांच्या डोक्यात होतं. आता मला कसं कळायचं?"

फोटो माझ्याकडे नव्हता. नानाला फोन लावला, तर वाजून बंद झाला. दुपारी तो झोपतो. दर्शनाने मला स्टूल दिलं. मी बसले आणि म्हटलं, "मी सांगते. लिहून घे."

"नाना मांडी घालून बसला की त्याच्या खांद्याला लागेल एवढा उंच. सोंड डावीकडे. मुकुट लहान, कानांच्या वर फार जात नाही. पीतांबर पिवळाधमक नको, मुरलेल्या लोणच्याच्या रंगाचा. शेला डाळिंबी. उंदीर उजव्या बाजूला, आणि तो मोदकाकडे बघत नाही, वर गणपतीच्या तोंडाकडे बघतो. डोळे किंचित मिटलेले. आमचे वडील म्हणायचे, जेवून बसल्यासारखा दिसला पाहिजे."

दर्शना गेरूने पाटाच्या तळाला खुणा घालत होती. "मावशी, तुमची भक्ती मोठी हाय."

"मी ख्रिस्ती आहे."

तिचा हात थांबला. "मग एवढं कसं ध्यानात ऱ्हायलं?"

दरवर्षी गणपतीच्या दिवशी मी नानाकडे जेवायला जाते. आरती चालू असताना दाराजवळच्या खुर्चीवर बसते. हात जोडत नाही, पण डोळे उघडे असतात. हे सगळं सांगण्याऐवजी मी म्हटलं, "माझ्या भावाचा आहे ना."

"मग बरोबर," असं म्हणून तिने शेवटची खूण घातली.

पुण्याच्या गाडीत बसले. खोपोली मागे पडल्यावर नानाचा फोन आला.

"दिलास पाट?"

"दिला. पण आधी धुतला होता."

तो हसायला लागला आणि हसता हसता खोकला. "मास्तरीण ती मास्तरीणच. मग?"

"मग मी तोंडी सांगितलं. सगळं."

"उंदीर कुठं बघतो?"

"वर. तोंडाकडे."

"बरोबर." मग हळू आवाजात म्हणाला, "शाले, मग असं कर. तुझ्या त्याच्याकडं माझी खूण सांगून ठेव. त्या पोरीला सांगितलंस तशी नीट सांग. पुढचं तो बघेल."

घाट सुरू झाला होता. बोलणं तुटलं.

हे आमच्या धर्मात कितपत बसतं, मला माहीत नाही. आमच्या पाळकांना मी विचारलेलं नाही. घरी आल्यापासून दुसरी प्रार्थना मला येत नाही. पूर्वी मी मुद्दे मांडून प्रार्थना करत असे. आता दिवा मालवायच्या आधी खुर्चीत बसते आणि सांगते: उंच आहे, पण आता थोडा वाकलाय. शिफ्टच्या वासाचे कपडे वेगळे वाळत घालायचा. बिरड्यात मीठ मागतो. चेष्टा केल्याशिवाय बोलत नाही. माझ्या भावाचं हे असं आहे. आला की ओळखशील.