शालनकाकींचं रविवारचं इंग्लिश

किस्से काही कुणी जमवायला बसत नाही. पर्समध्ये एसटीची तिकिटं साठतात ना, तसे साठतात. कधीतरी पर्स उलटी करावी तर, अरेच्चा, एवढ्या वेळा गेलो आपण!

माझी तिकिटं सगळी सांगली-आष्टा. आष्ट्यात एका टेलरिंगच्या दुकानावरच्या खोलीत मी मंगळवार-शुक्रवार दुपारी बायकांचा इंग्लिशचा क्लास घेते. बायका सहा. पद्धत माझी, म्हणजे दोन दिवसांच्या एका शिबिरातून उचललेली. शब्दाच्या सुरुवातीला लागणारे वीस लॅटिन तुकडे पाठ करा, हजार शब्द आपोआप येतील! मला स्वतःला इंग्लिशमध्ये धड भांडता येत नाही, पण शिबिरात ते कुणी विचारलं नाही.

* * *

पहिल्या दिवशी मी ऐटीत तक्ता लावला. प्री, री, सब, एक्स, ट्रान्स. म्हटलं, "ही लॅटिन भाषा."

शालनकाकी पुढेच बसलेल्या. वय साठीच्या आसपास, घरचा ऊस, मालक मिलिटरीतून रिटायर. त्यांनी विचारलं, "ही कुठं बोलत्यात, बाई?"

"आता कुठेच नाही. बोलणारे गेले सगळे."

काकींनी तक्ता वहीत उतरवायला घेतला. "माणसं गेली, पर शब्द चालू हायत म्हणा की. बरं हाय."

मग त्यांनी क्लासला यायचं कारण सांगितलं. मुलगा महेश कॅनडात होता. दोन वर्षांपूर्वी तिकडे बर्फात गाडी घसरली आणि गेला. मागे त्याची बायको सारा, तिकडचीच. आणि सहा वर्षांची तारा. तिला मराठी येत नाही. रविवारी सकाळी सहाला पाच मिनिटं व्हिडिओ कॉल येतो.

"मी नुसती हॅलो हॅलो करती. पोरीनं मला इसरायच्या आत चार शब्द बोलायचं हायत."

मी म्हटलं, "चार? हजार शिकवते!"

आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

* * *

होमवर्क असा, की प्रत्येक तुकड्याची चिठ्ठी करायची आणि घरात शोभेल त्या वस्तूवर चिकटवायची. बायकांना लय आवडलं! क्लासमधल्या वैशालीचा नवरा फौजेत, सध्या आसामला. तिनं 'सब' म्हणजे खाली, म्हणून ती चिठ्ठी सासूच्या खाटेखालच्या ट्रंकेवर लावली. 'री' म्हणजे पुन्हा, ती थेट सासऱ्यांच्या खुर्चीला. "रोज त्येच त्येच बोलत्यात, मॅडम!"

मी काकींकडे होमवर्क बघायला गेले. 'प्री' म्हणजे आधी, ती विरजणाच्या भांड्यावर. शाब्बास! 'एक्स' काही दिसेना.

"एक्स कुठंय, काकी?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. महेशच्या फोटोच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात.

"एक्स म्हंजे भायेर, तुमीच सांगितलं न्हवं? भायेर गेलाय त्यो."

मी चहा प्यायले. बरोबरची खूण केली आणि आले.

* * *

'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, हे मी अर्धा तास शिकवत होते. वैशाली जांभई देत म्हणाली, "मॅडम, एवढं कशाला? आमच्याकडं दर तीन वर्षाला ट्रान्सफर येती. ह्ये पलीकडं, आमी अलीकडं. झालं की!"

सगळ्या हसल्या. काकीही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझं माणूस येतंय गं परत."

त्या दिवशी क्लास लवकर सुटला.

* * *

चार महिन्यांत काकींना इंटरनॅशनल, प्रीपेड, एक्सपोर्ट असलं सगळं यायला लागलं. 'जेवलीस का' मात्र येत नव्हतं, कारण त्याला लॅटिन तुकडा नाही आणि बाईंच्या तक्त्यात ते बसत नाही!

एका रविवारी तारा टबात बसून आंघोळ करत होती. प्लॅस्टिकचं काहीतरी काळंपिवळं पाण्यात बुडवून तिनं फोनसमोर धरलं. काकी एवढ्यांदा ओरडल्या, "सबमरीन!" की मालक धारेची बादली टाकून गोठ्यातून पळत आले.

पोरगी टाळ्या वाजवायला लागली. पुढचे चार रविवार तिनं घरातलं जे बुडेल ते सगळं बुडवून दाखवलं. चमचा, बाहुली, आईचं घड्याळ. प्रत्येकाला काकींचं उत्तर एकच. पाच मिनिटांचा कॉल वीस मिनिटांवर गेला!

माझ्या आयुष्यातलं शिक्षिका म्हणून यश म्हणाल तर एवढंच.

* * *

मग दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या आठवड्यात काकींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. साराचा मेसेज, इंग्लिशमध्ये.

मी म्हटलं, "सारा लग्न करतेय, काकी. डॅनियल म्हणून आहे कुणी. चांगला आहे म्हणते. आणि सध्या जरा गडबडीत आहेत."

काकींनी स्क्रीनवर बोट फिरवलं, वरून खालपर्यंत. "एवढं लांबडं लिवलंय. आन् तुमी सांगितलं एवढंच?"

मग सगळं सांगावं लागलं. कॉल झाला की तारा रात्रभर बापाला शोधते, रडते. नवीन घरात तिला रुळू दे. काही दिवस फोन नको.

"काही दिवस म्हंजे किती?"

"ते लिहिलेलं नाही."

"पोरीचं बराबर हाय," काकी म्हणाल्या. कोणत्या पोरीचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

* * *

शुक्रवारी त्या कोरा कागद घेऊन आल्या. "त्या डॅनियलला चिठ्ठी लिवायची. मी सांगती, तुमी इंग्लिश करा."

सगळा क्लास भोवती जमला. वैशाली तापली होती. "ठणकावून लिवा! नातीवर आजीचा हक्क असतोय म्हणावं!" मी पेन उघडून मला येणारे भारी भारी शब्द सुचवले. रिक्वेस्ट, रिकन्सिडर. काकींनी दोघींना गप्प केलं.

"लिवा. महेश सांगायचा, पोरगी झोपताना दुसऱ्याचा कान धरती. हात काढू नगा, आपोआप सुटतोय."

लिहिलं.

"ताप चढला की महेशला झटकं यायचं. हिला आलं न्हाईत, पर येऊ शकत्यात. अंग तापलं की आधी डॉक्टरला सांगा ह्ये."

लिहिलं.

"गाजर नुसतं खाती. शिजवलं की थुकती."

वैशाली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी विचारलं, "काकी, अधूनमधून फोन करा, असं घालू का शेवटी?"

"नगं." त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, एका एका ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "त्येला इचारा, तुमची आई हाय का? पोरीला जवळ आजी पायजे."

"आणि असली तर?"

"तर वरचं नाव खोडा, बाई. ह्यो कागूद तिच्या नावानं लिवा."