प्रस्थानातला पासपोर्ट

पस्तीस वर्षे मी रायपुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारले. मुदत टळलेले पुस्तक मी नुसत्या वासावरून ओळखतो, असे सहकारी थट्टेने म्हणत. अशा माणसाला स्वतःच्या पासपोर्टाची मुदत मात्र दिसली नाही, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पासपोर्ट आम्ही दोघांनी एकाच दिवशी अर्ज करून काढले होते. माझा पंधरा दिवसांत आला. पत्नीच्या माहेरच्या नावावरून काही शंका निघाल्या आणि तिचा आठ महिन्यांनी आला. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे ते दोघे लोखंडी कपाटात शेजारी शेजारी पडून होते. कोणत्याही देशाचा शिक्का त्यांच्यावर उमटला नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा लागला.

ते बाहेर निघाले पत्नीच्या हट्टामुळे. तिने एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी निळ्या खडूने फळ्यावर गोल काढून मधोमध आडवी रेघ ओढायची आणि ‘विषुववृत्त ही काल्पनिक रेषा आहे’ असे सांगायचे, हा तिचा नेम. दरवर्षी एखादे पोर विचारायचेच, “मॅडम, आपने देखी है?” निवृत्त झाल्यावर हा प्रश्न तिला अधिकच टोचू लागला. इंडोनेशियात बोर्निओ बेटावर एक शहर आहे. तिथून ही काल्पनिक रेषा जाते आणि ती लोकांनी एका उंच चौथऱ्यावर आखूनही ठेवली आहे. सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास तिथे भर माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते.

“सावली तर रायपुरातही वर्षातून दोनदा पायाखाली जाते,” असे मी एकदा भीत भीत सुचवले.

“माहीत आहे मले. मीच शिकवलं आहे ते. पण इथं ती आपल्या गच्चीवर जाते, पाण्याच्या टाकीशेजारी. मले रेषेवर पाह्यची आहे.”

दिवाळीनंतर तिचे दोन्ही गुडघे बदलायचे असे डॉक्टरांनी ठरवून टाकले होते. त्या रेषेवर उभे राहायचे तर देवाने दिलेल्या गुडघ्यांवरच, असा तिचा आग्रह होता. म्हणजे तो सप्टेंबर चुकला की सगळेच चुकले. मी तिला शब्द दिला. तेलीबांध्याच्या तलावासमोरच्या एका तरुण प्रवास-एजंटाकडून तिकिटेही काढली.

आमच्याकडे माझी थोरली बहीण राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. प्रवासाच्या तारखा ऐकताच अक्काने पंचांग उघडले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“पितृपक्षात चालला का तू? समुद्रापार? काहून, दुसरे दिवस मेले काय?”

“अक्का, सूर्य पंचांग पाहून येत नाही ना,” पत्नी म्हणाली.

“तो न येवो. तुम्ही तर पाहून जा.”

तोड अर्थात अक्काकडेच होती. प्रस्थान ठेवायचे. ज्यांच्या घरी ही चाल उरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. निघण्याचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी सुपारी, हळकुंड, अक्षता आणि प्रवाशाची एखादी वस्तू फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असे धरतात. मग प्रवासी आठवडाभर आपल्या घरी जेवो, झोपो. शास्त्रापुरता तो वाटेवर असतो. अट एकच. ते गाठोडे परत घरात येता कामा नये. आले तर प्रवास मोडला.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काने गाठोडे बांधले. आमच्या वडिलांनी नागपूरला जाताना प्रस्थानात धोतर ठेवले होते, म्हणून मी एक धुतलेला रुमाल पुढे केला.

“विमानवाले रुमाल पाह्यतात का?” अक्का म्हणाली. “पासपोर्ट आण दोघांचे. तीच खरी प्रवाशाची वस्तू.”

एखादा धीट माणूस या ठिकाणी काही बोलला असता. मी पासपोर्ट आणून दिले. अक्काने त्यांवर हळदकुंकू वाहिले आणि गाठोडे शेजारच्या भैयांच्या देवघरात नेऊन ठेवले. हे भैया मूळचे छत्तीसगढचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले. शब्दाला पक्के आणि कामाविना थोडे कंटाळलेले. जबाबदारी मिळाल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एजंटाचा फोन आला. कागदांच्या प्रती तो पुन्हा तपासत होता.

“सर, आपका पासपोर्ट मार्च में खतम हो रहा है.”

“हो. मार्चला अजून अवकाश आहे,” मी म्हणालो. तो मराठी समजतो. उत्तर हिंदीतून देतो.

“वही तो बात है सर. वहाँ उतरने के दिन से पूरे छह महीने बाकी होने चाहिए. आपके ग्यारह दिन कम पड़ रहे हैं. काउंटर से ही लौटा देंगे. आंटी का ठीक है.”

अकरा दिवस! ग्रंथालयात एवढ्या दिवसांसाठी मी कुणाला साधे रागावलोही नसतो. तातडीच्या अर्जाने नवा पासपोर्ट वेळेत मिळू शकेल, असे एजंट म्हणाला. पण जुना हातात घेऊन स्वतः कार्यालयात जावे लागणार होते.

शहाण्या माणसाने फोन ठेवताच घरात सांगितले असते. मी दीड दिवस कुणालाच सांगितले नाही. गुपचूप भैयांकडे जावे, गाठोड्यातून आपला पासपोर्ट काढावा, काम उरकून परत ठेवावा आणि हे कुणाला कळूच नये, अशी माझी योजना होती. तिच्यात भैयांचा विचार केलेला नव्हता.

“नहीं सर,” देवघराच्या दारात आडवा हात धरून ते म्हणाले. “दीदी ने साफ कहा है, किसी को नहीं देना. सर को तो बिल्कुल नहीं.”

“पण भैया, माझाच पासपोर्ट आहे.”

“हव,” त्यांनी मान डोलावली. “आपका है, इसीलिए तो.”

 भैया अगरबत्ती लावू लागले. माझ्या पासपोर्टाची दिवसातून दोन वेळा आरती होत होती, हे तेव्हा मला कळले. तेवढ्यात कुंपणापलीकडून अक्काचा आवाज आला, “तिथं काय करून राहिला रे तू?”

मग सगळे सांगावे लागले.

 निवडत असलेली मेथी पत्नीने पुन्हा पहिल्यापासून निवडली. अखेर मीच म्हणालो, “तुझा पासपोर्ट चांगला आहे. तू जाऊन ये. माझं काय, मी नंतर…”

“त्या चौथऱ्याले पायऱ्या आहेत,” ती म्हणाली. “मी फोटोत मोजल्या आहेत. नऊ. गुडघे माझे असले, तरी चढायले हात तुमचा लागते.” आणि मेथीची जुडी ताटात टाकून ती उठली. “कधीची मिळते ती तातडीची वेळ?”

वेळ सोमवारची मिळाली. प्रश्न उरला प्रस्थानाचा. कार्यालयात नेण्यासाठी गाठोडे हलवले, तर ते मोडत नाही काय? अक्काने डोळे मिटून विचार केला आणि निर्णय दिला, की प्रस्थान पुढे जाऊ शकते, मागे येऊ शकत नाही. जशी बारात. पत्नीने लगेच फोनवर नकाशा उघडला आणि आमचे घर, पासपोर्टाचे कार्यालय आणि विमानतळ यांच्यामध्ये बोटाने रेघा ओढल्या. एकतीस वर्षांच्या अध्यापनाचा अशा कामी उपयोग होईल, असे तिला वाटले नसावे.

“थोडं आडवं आहे,” ती म्हणाली. “पण मागे नाही.”

“आडवं चालते,” अक्का म्हणाली.

सोमवारी भैयांनी गाठोडे दोन्ही हातांत धरून स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवले आणि त्याला पट्टा लावला. आम्ही दोघे मागे बसलो. माझा चष्मा घरात राहिला होता. पण गाडी आमच्या फाटकासमोर थांबवायला भैया तयार होईनात. शेवटी चालत्या गाडीच्या खिडकीतून अक्काने तो लांब दांड्याच्या झाऱ्यावर ठेवून मला पोहोचवला.

कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा पासपोर्ट उघडला आणि स्वतःची बोटे पाहिली. ती पिवळी झाली होती. मग त्यांनी पासपोर्ट उलटा केला. दोन अक्षता आणि चिमूटभर कुंकू कळफलकावर सांडले.

“सर, ये क्या है?”

प्रस्थान या विधीची उत्पत्ती, त्याचे प्रयोजन आणि आपली त्याबद्दलची तटस्थ भूमिका मी मनात क्रमाने मांडू लागलो. नेमके शब्द जुळेपर्यंत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.

“कारण क्या लिखूँ? अवधि समाप्त, या पासपोर्ट खराब हुआ?”

“आपल्याला जे योग्य वाटेल ते,” मी म्हणालो.

“अवधि समाप्त,” पत्नी माझ्या खांद्यावरून वर्गातल्या आवाजात म्हणाली. “हल्दी से कोई चीज़ खराब होती है क्या, मैडम? आपकी शादी में नहीं लगी थी?”

रांगेतले लोक हसले. बाईही हसल्या आणि त्यांनी अवधी समाप्त लिहिले. जुन्या पासपोर्टाचा एक कोपरा कापून तो मला परत मिळाला. हे फोनवर ऐकून अक्का हळहळली, “नाक कापल्यासारखं दिसत असंन गा ते!” पण गाठोड्यात तोच परत ठेवायचा, असे तिने बजावले. निघालेला प्रवासी नकटा झाला म्हणून त्याला वाटेत सोडून देत नाहीत.

आता भैयांकडे परत जाणे म्हणजे मागे जाणे होते. म्हणून गाठोडे तेलीबांध्याला एजंटाच्या दुकानात, काउंटरवरच्या लहानशा विमानाशेजारी मुक्कामाला राहिले. “कस्टमर पूछते हैं, इसमें क्या है,” त्याने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले. “मैं बोलता हूँ, अंकल-आंटी हैं.”

निघण्याचा आदला दिवस उजाडला, तरी नवा पासपोर्ट आला नव्हता. पत्नीने सामान बांधले, सोडले, पुन्हा बांधले. जेवताना ती म्हणाली, “नाही आला तर नाही. गच्चीवर पाहू मे महिन्यात. तेव्हा गुडघे नवे असतीन, पण सावली तीच.” तिने हे हसत म्हटले. मी फाटकावर नजर ठेवून जेवत होतो.

त्याच दुपारी एकच्या सुमारास फाटकाशी सायकल वाजली. पोस्टमन होता. मी धावलो, तर अक्का आडवी.

“थांब! घरात घेऊ नको. बाकी सगळा प्रवास पुढं गेला अन् नवा पासपोर्ट घरात शिरला, तर अर्धं प्रस्थान मोडते. भैयाच्या ओट्यावर घे.”

पोस्टमनला ते मान्य नव्हते. “पता यहीं का है, अम्मा. यहीं दूँगा.”

“मग अर्धा इकडे, अर्धा तिकडे राह,” अक्का मला म्हणाली.

अशा रीतीने मी फाटकाच्या लोखंडी पट्टीवर, एक पाय अंगणात आणि एक रस्त्यावर ठेवून सही केली. पोस्टमनने माझ्याकडे निरखून पाहिले. “अंकल, तबीयत ठीक है न?” तो म्हणाला. भैया गाडी चालू करूनच बसले होते. मी रस्त्यावरचा पाय तसाच ठेवला, अंगणातला उचलला आणि लुंगी-बनियनवर थेट तेलीबांध्याला जाऊन नवा पासपोर्ट गाठोड्यात घातला. एजंटाच्या दुकानात दोन ग्राहक बसले होते. मी त्यांना नमस्कार केला. एवढ्या कमी कपड्यांत मी आयुष्यात कुणाला नमस्कार केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून गाठोडे उचलले आणि कोलकाता, क्वालालंपूर असे करत आम्ही पोहोचलो. वाटेत एका अधिकाऱ्याने हळकुंड हुंगून परत दिले. तिथल्या घड्याळात माध्यान्ह बाराच्या आधीच येते, म्हणून तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही त्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढलो. नऊच होत्या. प्रत्येक पायरीवर पत्नी माझ्या हातावर भार देऊन श्वास घेई आणि मोजी. वर रेघ आखलेली होती. ती रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहिली. तिने खाली पाहिले.

“माझं काही कळून नाही राहिलं,” ती म्हणाली. “माझी सावली माझ्याच पोटाखाली लपली आहे.”

मी गाठोडे सोडले. हळकुंड काढून रेघेवर उभे केले. आधारासाठी त्याच्या बुडाशी सुपारी लावली आणि आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. हळकुंडाची नखाएवढी सावली आखडत आखडत तांदळाएवढी झाली, आणि मग नव्हतीच. पत्नीने माझे मनगट घट्ट धरले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका परक्या मुलीने आमच्या हळकुंडाचा फोटो काढला.

अक्काला फोन लावला. पत्नीने सगळे सांगितले. पायऱ्या, रेघ, हळकुंड. सावली कशी गेली ते ती दुसऱ्यांदा सांगू लागली, तेव्हा अक्काने मध्येच विचारले,

“ते बरं झालं. पण परत कधी निघता?”

“परवा.”

“म्हणजे पितृपक्षातच. मग परतीचं प्रस्थान ठेवलं का?”

पत्नीने फोन माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे पाहून हसू लागली.

त्या संध्याकाळी मी हॉटेलच्या स्वागतकक्षासमोर उभा होतो. हातात पिवळे गाठोडे होते आणि मनात चार वाक्ये इंग्रजीतून जुळवलेली होती. समोरच्या मुलीने ती सगळी शांतपणे ऐकून घेतली, गाठोडे दोन्ही हातांनी स्वीकारले आणि मागच्या फळीवर ठेवले. पासपोर्ट मात्र या वेळी मी खिशात ठेवले होते. गाठोड्यात रुमाल घातला होता.