सात शिंका आणि एक गरम दोसा

मी लाजाळू आहे, म्हणून मी रेडिओवर गेले.

यात विचित्र काही नाही. रेडिओवर दिसावं लागत नाही. कुणी समोर बसून "काय गं, किती वाळलीस!" म्हणत नाही. सरस्वतीपुरममधल्या एका घराच्या माडीवर आमचं छोटंसं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. दार लावलं की कापसाच्या पोत्यात बसल्यासारखं वाटतं. इतकं सुरक्षित मला आयुष्यात दुसरीकडे कुठेच वाटलेलं नाही.

दर शनिवारी सकाळी अर्धा तास मराठी बायकांसाठी होता आणि तो माझ्याकडे होता. बायकांनी फोन करायचा, मनातलं बोलायचं. नाव सांगायचं नाही, घर सांगायचं नाही. मीही सांगत नव्हते. मी 'सखी' होते. घरी मी एवढंच सांगितलं होतं, की केंद्रात कॉम्प्युटरचं काहीतरी काम करते.

(एक लहानशी अडचण होती. म्हैसूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांत कोण कुणाचं नातेवाईक नाही, हे शोधायलाच वेळ लागतो. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत एकत्र आले आणि त्यानंतरची लग्नंही बहुतेक त्याच फौजेत झाली. अशा लोकांत निनावी राहणं म्हणजे एका ताटात जेवताना तोंड लपवणं! पण मी इंग्रजी माध्यमातली. 'निनावी' हा शब्द मला नुकताच कळला होता, त्यामुळे त्याच्यावर माझा फार विश्वास होता.)

पहिल्या शनिवारी एकही फोन आला नाही. "मैत्रिणींनो, बोला!" असं मी वीस वेळा म्हणाले. मैत्रिणी बोलल्या नाहीत. उरलेली दहा मिनिटं मी 'बाईचा आवाज' या विषयावर भाषण केलं, तेही इतक्या हळू आवाजात की काचेपलीकडून आमच्या नागवेणी मॅडम "जोरात! जोरात!" असे हात करत होत्या.

दुसऱ्या शनिवारी एक फोन आला. मी आनंदाने उठून उभीच राहिले. पलीकडे एक आजोबा होते. त्यांना गॅस सिलिंडर बुक करायचा होता.

नागवेणी मॅडम केंद्राच्या प्रमुख. त्या कन्नडमध्ये रागावतात आणि मराठीत समजूत घालतात. "फोन बरलिल्ला, दीपा. एकपण नाही आला. पुढच्या शनिवारी नाही आला तर ही वेळ मी कुंड्यांतल्या झाडांच्या कार्यक्रमाला देणार. साकु!"

साकु म्हणजे पुरे. मी घरी आले, उशीत तोंड खुपसून पडले. "काय झालं गं?" आईने विचारलं. "कॉम्प्युटर बिघडला," मी म्हणाले.

तिसरा शनिवार. पहिली पंधरा मिनिटं शांतता. काचेपलीकडे नागवेणी मॅडम एका कुंडीवाल्या गृहस्थांशी आतापासूनच हसून बोलत होत्या. आणि पहिल्या लाइनचा दिवा लागला!

"नमस्कार, मी सखी. बोला ना, ताई."

"हां... मी कुवेंपुनगरमधून. कार्यक्रम छान असतो हं तुमचा. बरंय, ठेवते."

ती आई होती! आवाज जाड करून बोलत होती, पण आईच. मागे धुण्याच्या मशीनचा घरघराट चालला होता. म्हणजे ती घरामागच्या पडवीत उभी होती. आणि मशीनच्याही मागे दिवाणखान्यातला रेडिओ मोठ्याने लागला होता, त्यातून मीच ऐकू येत होते.

फोन ठेवू देणं हाच शहाणपणा होता. पण काचेपलीकडचे कुंडीवाले घड्याळ बघत होते. मी समोरच्या कागदावरचा पहिला प्रश्न वाचून टाकला. "ताई, घरात तुमचं कुणी ऐकतं का?"

पलीकडे खटकन मशीन बंद झालं.

"दोसा," आई म्हणाली.

"काय?"

"दोसा हो, दोसा! सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. दर रविवारी दोसे करते. यजमान ताटावर बसतात. पहिला त्यांचा, दुसरा त्यांचा, मग आल्यागेल्याचा. मी तव्याशी उभी. शेवटी पातेलं खरवडून जो निघतो ना, वाकडा, गार, तो माझा. सत्तावीस वर्षांत मी एक गरम दोसा खाल्लेला नाही! म्हैसूरमध्ये राहून!"

आता तिचा आवाज जाड राहिला नव्हता. चांगला खणखणीत झाला होता.

"आणि मुलगी आहे एक. बायकांच्या हक्कांवर वाचत असते. ताटावर बसून वाचते! दोसा वाढला की वर न बघता खाते आणि परत ताट पुढे करते!"

कार्यक्रमाची निवेदिका म्हणून मी इथे काहीतरी सहानुभूतीचं बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायले.

एवढ्यात आईच्या फोनमधून, दिवाणखान्यातून, माझ्या वडिलांचा, अप्पांचा, आवाज आला. "अय्यो पापा, बिचारी! ऐकलंस का गं? बघ, त्या बाईचा नवरा कसला निगरगट्ट आहे!"

अप्पा बायकोलाच हाक मारून सांगत होते! आणि दुसऱ्या लाइनचा दिवा लागला.

दुसरा फोन घेताना टेबलावरची पहिल्याची आवाजाची पट्टी खाली ओढायची असते. मी दुसऱ्याची वर ओढली आणि पहिल्याची ओढायला विसरले. दोन्ही फोन एकदम रेडिओवर!

"नमस्कार. मी मारुतीराव मोहिते, निवृत्त हेडक्लार्क, कुवेंपुनगर, पिठाच्या गिरणीसमोर." (अप्पा निनावी बोलू शकत नाहीत. ते देवळात प्रार्थनासुद्धा हुद्द्यासकट करतात.) "आता ज्या बाई बोलल्या, त्यांच्या नवऱ्याचा मी जाहीर निषेध करतो!"

"असं?" पहिल्या लाइनवरून आई म्हणाली.

"असंच! बाई, तुम्ही भिऊ नका. त्या माणसाला स्पष्ट सांगा."

"सांगितलं तर ऐकेल का तो?"

"न ऐकायला काय झालं? आता आमच्या घरी बघा. पहिला गरम दोसा मी हिच्या..." अप्पा थांबले. "म्हणजे, हिला तसं... हिला फारसा आवडतच नाही दोसा."

"कुणी सांगितलं आवडत नाही म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? ती कधी गरम खातच—"

आणि तेव्हा मिरच्या जळल्या.

आईने चटणीसाठी लाल मिरच्या मंद आचेवर ठेवल्या होत्या आणि "आलेच" म्हणून ती फोन करायला मागे पडवीत गेली होती. मिरचीचा धूर लागला की अप्पांना सात शिंका येतात. सहा नाही, आठ नाही, सात. मध्ये तिसरीनंतर ते "अय्यो रामा" म्हणतात. आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक होमाजवळ त्या ऐकलेल्या आहेत.

पहिली शिंक दोन्ही लाइनवर एकदम आली. दुसरी आली. तिसरी. "अय्यो रामा" पहिल्या लाइनवर लांबून, दुसऱ्या लाइनवर जवळून! चौथी, पाचवी, सहावी, सातवी. कुंडीवाले गृहस्थ काचेला नाक लावून उभे राहिले.

मग नाक शिंकरल्याचा आवाज. तोही दोन्ही लाइनवर.

"...शकू?" अप्पा म्हणाले.

"बोला," आई म्हणाली.

माईक बंद करण्याचं लाल बटण मी दाबलं. (नंतर कळलं, ते टेबलावरच्या दिव्याचं होतं.) मग काळोखात, सगळ्या म्हैसूरला ऐकू जाईल अशा आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडले, "अप्पा, फोन ठेवा! आई, गॅस बंद कर!"

मी रिक्षा न करता चालत घरी गेले, म्हणजे पोचायला उशीर होईल. दार उघडंच होतं. घरभर मिरच्यांचा ठसका होता. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पुढे रिकामं ताट. गॅसपाशी, तोंडाला टॉवेल बांधून, अप्पा उभे होते. रविवारसाठी भिजवलेलं पीठ शनिवारीच तव्यावर पडत होतं.

"या, सखीताई," अप्पा टॉवेलमधून म्हणाले.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"पहिल्याच शनिवारी! तू 'नमस्कार' म्हणालीस आणि मी ओळखलं; मग आत्याचाही फोन आला, आपली दीपू बोलतेय म्हणून. सगळ्यांना माहीत आहे."

"मग कुणी फोन का नाही केला?"

"तू लाजशील म्हणून गं," आई म्हणाली. "आत्याने सगळ्यांना बजावलं होतं, कुणी फोन करून पोरीला अवघडवू नका. काल नागवेणी बाजारात भेटली, तेव्हा कळलं की फोन नाही आला तर कार्यक्रमच बंद. म्हटलं, आपण एक करावा. 'छान आहे' म्हणून ठेवणार होते. पण तू ते विचारलंस..." तिने ताट उगाचच सरळ केलं. "तसं कुणी विचारलं नव्हतं."

"मीही त्याचसाठी केला," अप्पा म्हणाले. "दोन फोन झाले असते."

"हो. लेकीचा आवाज 'नमस्कार'मध्ये ओळखलात. बायकोचा सात शिंकांनंतर!"

अप्पा उलथनं हातात धरून खरंच विचारात पडले. "शकू," ते म्हणाले, "तुला इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं."

पहिला दोसा तव्याला चिकटला. दुसरा निघाला; आकार कर्नाटकाच्या नकाशासारखा, पण गरम. आईने तो सावकाश खाल्ला, एकटीने, बोटं चाटत.

"कसा झालाय?" अप्पांनी विचारलं.

"मीठ नाही," आई म्हणाली आणि ताट पुढे केलं.

कार्यक्रम वाचला. पुढच्या शनिवारी इतके फोन आले की कुंडीवाल्यांना रविवारची वेळ घ्यावी लागली. आत्या तर नावगाव सांगून, पिढ्यांसकट बोलते. आमच्या घरी आता रविवारी पहिला दोसा आईचा असतो. तव्याशी एक रविवार अप्पा, एक रविवार मी. माझ्या रविवारी पातेलं खरवडून जो निघतो, वाकडा, गार, चामड्यासारखा, तो माझ्या वाट्याला येतो. त्याबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. पण फोन करायला मला लाज वाटते.