थोरल्याची जन्मतारीख

बुलढाण्याकडच्या उंद्रीला आमचं दीड एकराचं भाजीचं वावर होतं आणि विहीर फाल्गुनातच तळ दाखवायची. मग आई-बाप दोघंही दुसऱ्यांच्या मळ्यात वांगी तोडायला जात. मी चार वर्षांचा. सांभाळायला घरी कोणी नाही. माझ्याआधी एक भाऊ होता. दोन वर्षांनी थोरला, पण दीड वर्षाचा असतानाच तापानं गेला. त्याचा जन्म गावच्या नोंदवहीत, कोतवाल बुकात, नोंदवलेला होता, माझा नोंदवायचा राहून गेलेला. त्या बुकात नाव नसतं, नुसतं 'मुलगा' लिहितात. बापानं तोच दाखला काढला आणि मला शाळेत नेलं.

"काऊन बे, हा सहाचा?" गुरुजींनी विचारलं.

"हाडानं बारीक हाये जी."

बाहेर आल्यावर बाप मला म्हणाला, "हे तारीख आता तुई. कोणाले सांगू नको."

त्या तारखेवर मी मॅट्रिक झालो, बी.एस्सी. झालो, पुण्याच्या एका कचेरीत प्रोग्रामर म्हणून उमेदवारीवर लागलो. वर्ष संपत आलं, तेव्हा कर्मचाऱ्यांची वयं काढणारा प्रोग्राम माझ्याकडे आला. शनिवारपर्यंत चालला तर कायम, नाहीतर परतीची एसटी.

कोबोल या प्रोग्रामिंगच्या भाषेतून डेटाबेसला तारीख द्यायची तर होस्ट व्हेरिएबल लागतो. म्हणजे कोबोलचाच एक डबा; डेटाबेसला ओळखू यावा म्हणून त्याच्या नावाआधी दोन टिंबं द्यायची. तपासणीसाठी त्यात मी माझी तारीख घातली. डेटाबेसनं ती आजच्या तारखेतून वजा केली आणि उत्तर दुसऱ्या डब्यात ठेवलं: २५०३०४. हे दिवस असणार असं धरून मी तीनशे पासष्टानं भागलं.

शेजारच्या टेबलावरच्या सीनियर बाईंनी कागद उचलला. "काय हो बुलढाणेकर, वय सहाशे पंच्याऐंशी? खाता काय तुम्ही तिकडे?"

"भाकर आणि ठेचा."

"अहो, हे दिवस नव्हेत. दोन-दोन आकडे घेऊन वाचा. पंचवीस वर्षं, तीन महिने, चार दिवस."

मी हसत होतो, तो थांबलो. मी तेवीस वर्षांचा होतो. ती तारीख शेकडो फॉर्मांवर लिहिली होती, पण तिचा हिशेब असा पुढ्यात कधी आला नव्हता. दीड वर्षावर संपलेला भाऊ इथे तीन महिन्यांपूर्वी पंचविशीचा झाला होता.

"आता वय बरोबर आलं ना?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. नाही म्हटलं असतं तर तारीखही गेली असती आणि नोकरीही.

मी आकड्याचे तीन तुकडे केले, वर्षं, महिने, दिवस वेगळे काढले. आणखी दहा तारखा घालून पाहिल्या, सगळ्या जुळल्या. पहिली ओळ मात्र थोरल्याचीच राहिली. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम चालवला तेव्हा चार दिवसांचे पाच झाले होते. तिसऱ्या दिवशी सहा. ती ओळ पुसायला बोट दोनदा बटणापर्यंत नेलं. पुसवली नाही.

शनिवारी प्रोग्राम पास झाला. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. कागदावरच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आणि पहिली कायमची नोकरीही माझीच.